मोटरची खोली

पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये नवी मोटर आली. तिच्या अंगातून थंड पाणी खेळवणारे नळ आले आणि तिच्या खोलीला दोन एसी लागले. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापसातला कचरा वेचणाऱ्या वीस बायांना मिळून एकच पंखा होता, तोही मार्चातच बंद पडला होता.

“साहेब, पंखा तं सुधरवून द्या. गरमीनं जीव जाऊन राहिला पोरींचा,” बायांची मुकादम वत्सला चौथ्यांदा म्हणाली.

मॅनेजर ठोंबरेने मोबाइलमधून मानही वर केली नाही. “मोटर तापली तं पुण्यावरून इंजिनीयर बोलवा लागते, बाई. तुमच्यातली एखादी पडली तं तिगाववरून दुसरी येते.”

एप्रिलातल्या त्या दुपारी पडली ती वत्सलाची धाकटी जाऊ, डिंपल. हातातल्या टोपल्या टाकून बाया धावल्या. त्यांनी तिला उचललं आणि सरळ मोटरच्या खोलीत नेऊन गार फरशीवर निजवलं. कोणी तोंडावर पाणी शिंपडलं, कोणी पदराने वारा घातला. बऱ्याच वेळाने डिंपलने डोळे उघडले.

तेवढ्यात ठोंबरे धापा टाकत आला आणि उघड्या दाराबाहेरूनच ओरडला, “दार लावा आधी! थंडी हवा सगळी बाहेर चालली ना!”



वत्सलाने निमूटपणे दार लावलं आणि आतून कडी घातली. तेव्हा वीसच्या वीस बाया आत होत्या.