परीक्षेची केस

"मोठ्या डॉक्टराशी वाकडं घेऊ नको, पोरी. आपलं लेकरू त्याच्या हातात हाय," शेजारच्या खाटेवरची चांगुणाबाई म्हणाली. शिवकन्या नुसती हसली. तिचं ठरलं होतं.

तिच्या चार वर्षांच्या पियूला ताप होता. पोटात डाव्या बाजूला गोळा लागत होता. वॉर्डाचे मोठे डॉक्टर आदिनाथ सर, त्यांनी हात लावताच सांगितलं, पानथरी म्हणजे प्लीहा वाढलीय, तापाने वाढते, उतरेल. सोनोग्राफीची तारीख लांबची मिळाली होती. सर म्हणायचे, "माझी बोटं हीच सोनोग्राफी."

रोज सकाळी ते डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन पियूच्या खाटेशी यायचे. एकेकाने गोळा दाबून बघायचा. निदान मात्र सर पोरांना सांगायचे नाहीत, ते ज्याचं त्याने ओळखायचं. "अजून खोल. लागली का कड?" पियू ओठ मुडपून रडायची.

एकदा शिवकन्या म्हणाली, "सर, आज राहू द्या. दुखून राह्यलं तिला."

"इलाज फुकट पाहिजे, मंग पोरांना शिकू द्या की," सर म्हणाले. "बीएस्सी आहात ना? विज्ञानासाठी एवढं करा."

पोरं हसली, सरही हसले. ते हसणं शिवकन्येच्या कानातून गेलं नाही.

पोरांच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पियूलाच केस म्हणून ठेवलं. अशा वेळी विद्यार्थी हळूच पेशंटलाच विचारतात, सरांनी काय निदान केलंय, आणि पेशंट सांगून टाकतात. हे तिने वॉर्डात बसून हेरलं होतं. परीक्षक बाहेरगावचे येणार होते. त्यांच्यासमोर सगळी पोरं आपटली, की सर कसे हसतात ते तिला बघायचं होतं.

मोबाइलवर शोधून तिने एक चुकीचं उत्तर निवडलं.

"ताई, काय म्हणले सर?" पहिला विद्यार्थी मयंक, त्याने खाली वाकून विचारलं.

"किडनीची गाठ. दाबायची न्हाई म्हणले, फुटली तर पसरते."

"बिलकुल हात नाही लावायचा?"

"बिलकुल न्हाई."

मुस्कानलाही तिने तेच सांगितलं, तिच्यानंतरच्यांनाही. एकानेही पोट दाबलं नाही. सगळ्यांनी परीक्षकांना एकच उत्तर दिलं.

आदिनाथ सरांचा चेहरा उतरला. "पानथरी आहे, सर," ते परीक्षकांना म्हणाले. "रोज दाबून घेतलीय मी यांच्याकडून. आज काय झालंय यांना, कोण जाणे."

शिवकन्येने ओढणीआड हसू लपवलं.

परीक्षकांनी एक हात पियूच्या पोटावर टेकवला, दुसरा पाठीखाली घातला. मग दोन्ही हात अलगद काढून घेतले.

"पोरांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "रोज दाबलीय म्हणालात? किती जणांनी?"

पियूला मोठ्या मशीनखाली नेलंय. मला, म्हणजे या शिवकन्येला, दाराबाहेर बसवलंय. तुमचं कुणी आत असेल, तर तेवढं माझ्या लेकीला बघायला सांगा.