ठकठकीतलं पत्र

"थांबवा गं जरा ती ठकठक!" लेसिएली ओरडली.

आठ लाकडी मोगऱ्या एकदम थांबल्या. लांब ओंडक्यावर झाडाची साल कुटून कापड करणाऱ्या बायका तिच्या हातातल्या फोनकडे बघत गप्प बसल्या. टोंगा बेटांवर एवढी शांतता चर्चमध्येच असते. मग आईही फोनशी चर्चमधल्यासारखीच बोलली, "प्रिय पुत्रा, देवाच्या कृपेने आम्ही सर्व कुशल आहोत."

फोनमधल्या यंत्राने एकही चूक न करता ते लिहून घेतलं. लेसिएलीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. असलं पत्र तर पाद्रीबुवाही लिहून देत होते! आईची नजर अधू झाल्यापासून ऑकलंडला लेसिएलीच्या भावाला, विलीला, दर महिन्याला हेच जात होतं. आईला मनातलं सांगता यावं, म्हणून तर दोन वर्षं ती या बोललेलं लिहून घेणाऱ्या यंत्रामागे लागली होती. आणि या दोन वर्षांत आईने एकदाही 'छान' म्हटलं नव्हतं.

"पोरी, हे तुझं यंत्र म्हणजे पाद्रीबुवांचा धाकटा भाऊच गं!" आई म्हणाली.

बायका खो खो हसल्या. मोगऱ्या पुन्हा सुरू झाल्या, तशी तोंडंही सुटली, आईचंसुद्धा.

त्या गलक्यात यंत्राला काही म्हणता काही कळायचं नाही. गोंगाट गाळायची सोय लेसिएलीनेच त्यात बसवली होती. ती मेली गाळणी ठोक्यांबरोबर बोलण्यातले ठोक्यांसारखे वाजणारे त, क, पसुद्धा गाळून टाकायची. शेवटी लेसिएलीने ती गाळणीच काढली. खराब म्हणून बाजूला टाकलेली, ठोक्यांनी भरलेली सगळी रेकॉर्डिंग काढली आणि आठवडाभर यंत्राला त्यांच्यावरच शिकवलं.

शनिवारी तिने आईच्या हातातली मोगरी काढून फोन दिला. "आता बोल. बाकीच्यांना कुटू दे."

"तुला ऐकू येईल?"

"छे! या धबडग्यात कुणाला काय ऐकू येतंय?"

आई गालातल्या गालात हसली. फोन अगदी ओठांशी धरून जी सुटली, ती थांबेचना. लेसिएली हातभर अंतरावर होती, पण ठोक्यांपुढे तिला एक शब्द कळेल तर शपथ. शेवटी आई थांबल्यावर तिने फोन घेतला. पडद्यावर लिहिलेलं होतं:

"विली, तुझ्या बहिणीने काय यंत्र केलंय रे! माझा ऊर भरून येतो. पण तिला सांगू नकोस हं, कार्टी लगेच डोक्यावर बसेल."