सर बसत का नाहीत?

मूल्यशिक्षणाच्या तासाला सर रोज आले की आधी खुर्चीत टेकायचे, मग उपदेशाचा डोस पाजायचे. म्हणून तर वर्गातल्या खोडकर फटाकडीने मधल्या सुट्टीत त्या खुर्चीच्या पायांचे स्क्रू सैल करून ठेवले होते. अख्खा नववीचा वर्ग दबा धरून बसला होता.

पण आज सर बसेनातच! दुखरा गुडघा चोळत उभेच. "चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं," वगैरे चाललेलं. मध्येच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे, की वर्गाचा श्वास अडकायचा. हात काढायचे, की मागच्या बाकावर खुसखुस. आधी फटाकडीही हसली. मग तिला सारखा तो गुडघा चोळणारा हात दिसायला लागला, आणि हसू आटत गेलं.

तास संपत आला. "चला, टेकतो आता जरा," म्हणत सर वाकले.

शेजारणीने कोपर मारलं. "फटाकडे, आता बघ मजा!"

"सर, बसू नका!" फटाकडी ताडकन उठली. "स्क्रू ढिले आहेत. मीच केलेत."

सर मात्र धपकन बसले आणि ऐसपैस रेलले. खुर्चीने हूं की चूं केलं नाही.

"मधल्या सुट्टीत तू बाहेर पडलीस, तसा मी आत आलो. तेव्हाच आवळून टाकले."

"मग तासभर उभे कशाला राहिलात, सर?"

सरांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तुझी वाट बघत होतो."