एकही तक्रार नाही

परगावचं लग्न, दोनशे पाहुण्यांची सोय आणि घरच्यांपैकी एकाचीही तक्रार नाही? वेडिंग प्लॅनर बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हॉटेल बघायला आलेली नवरीकडची मंडळी लिफ्टला चिकटलेल्या खोलीलाही ‘छान’ म्हणाली होती. यांनी नक्कीच गुपचूप दुसरं कुणीतरी गाठलं असणार.

शेवटी बाईंनी खडा टाकलाच. “कुणी रुसलं नाही असं लग्न मी अजून पाहिलेलं नाही. खरं सांगा, काम दुसऱ्याला दिलंत ना?”

“नाही हो,” नवरीची आई म्हणाली. “आमच्याकडे नावं ठेवायचं खातं थोरल्या भाऊजींचं. खोली, जेवण, नवरदेवाचे बूट, काही म्हणून सुटायचं नाही त्यांच्या तावडीतून. आम्हाला कधी तोंड उघडावंच लागलं नाही. मागच्या महिन्यात गेले ते.”

भिंतीपलीकडून लिफ्ट धडधडत वर गेली. नवरीचे वडील इतका वेळ खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि हुबेहूब थोरल्या भावाच्या आवाजात ते कडाडले, “लिफ्टशेजारी खोली? आम्ही काय इथे पहारा द्यायला आलोय?”