चार अँपिअर

मालेगावच्या उज्ज्वलाबाईंनी बॅटरीवर चालणारी गाडी घेतली, तेव्हा घरी चार्जर बसवायला धनराज वायरमन भर दुपारी आला. लहान चार्जर लावायचा की मोठा, हे गिऱ्हाईक नाही, घरच सांगते, असं तो नेहमी म्हणायचा.

अंगणातल्या मीटरच्या वायरीला त्यानं करंट मोजायचा चिमटा लावला आणि आवाज दिला, "ताई, आधी सारं चालू करा. मंग एकेक बंद करत या."

आतून उज्ज्वलाबाई सांगत गेल्या. "कूलर बंद." आकडा उतरला. "फ्रिज बंद." आणखी उतरला. "मोटर बी बंद. आता काहीच चालू नाही, भाऊ."

आकडा चारवर येऊन थांबला.

"मेन स्विच पाडा."

आत खटका वाजला. आकडा हलला नाही.

मीटरपासून घरात जाणारी वायर धनराजनं इंच इंच पाहिली. कुठं जोड नव्हता. चिमटा काढून पुन्हा लावला. चारच.

उज्ज्वलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी उभं राहून आकडा पाहू लागल्या. "घरात तं कोणीच नाही. मी एकटीच होती."

धनराज वैतागला. सवयीनं उघड्या दाराकडं तोंड करून ओरडला, "मंग हा करंट कोण खाऊन राह्यलं?"

"मी," आतून उज्ज्वलाबाईंचाच आवाज आला. "मोठाच बसवा, भाऊ."