दोन आटे

नितेशने हॉर्नचं बटण स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं आणि अंगणात भिरकावलं. बाजेवर बसलेल्या बापाच्या पायाशी ते येऊन पडलं.

"आरामानं, बाबू," सूर्यभान म्हणाला. "खाली स्प्रिंग असते, हरपते."

"तुमी चूप बसा."

पोराचं चुकत होतं असं नाही. सूर्यभानच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं लख्ख दिसे, बाजूचं काहीच नाही. गेल्या सोमवारी त्याने ही जुनी अँबॅसिडर शेजारच्या जानरावच्या कालवडीवर घातली. कालवड जागीच मेली. घरच्यांनी किल्ली लपवली, तर हा पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी वायरी जोडून झेंडूची पोती घेऊन अमरावतीच्या बाजारात हजर. मग नितेशने ठरवलं, स्टिअरिंगच काढून टाकायचं. तेही बापाच्या समोर, म्हणजे नीट समजेल. तीस वर्षं भातकुली-अमरावती रस्त्यावर गाडी हाकलेल्या माणसाचं पुढे काय, हे कोणी विचारलं नाही. त्याचं त्याला ठाऊक होतं. उद्यापासून बाज, आणि मरेपर्यंत बाजच.

नट ढिला झाला, पण स्टिअरिंग हलेना. इतक्या वर्षांत ते दांड्यावर गंजून गच्च बसलं होतं. नितेशने मागून हातोडी मारली, मग लाथ मारली, मग गाडीला आईवरून शिवी दिली.

"थोडं राकेल सोड," सूर्यभानला राहवलं नाही. "अन् घंटाभर थांब."

"आता एक शबद बोलले ना, तं खोलीत कोंडून ठेवीन! आंधया मानसाचं काय आयकू मी?"

दारात वच्छला फुलं निवडत होती. नवऱ्याला पोरगा आंधळा म्हणाला ते तिने ऐकलं, आणि सडकी फुलं बाजूला काढत राहिली. तीही कंटाळलीच होती.

नितेशने नट पूर्ण फिरवून काढला आणि खिशात टाकला.

मोबाईलवर त्याने व्हिडिओ पाहिला होता, पण अर्धाच. गच्च बसलेलं स्टिअरिंग ओढताना नट पूर्ण काढत नाहीत. दोन आटे राहू देतात. स्टिअरिंग सुटतं ते एकदम सुटतं. नट असला तर त्याला अडतं, नसला तर ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं. सूर्यभानला हे मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं. पोराला सांगायचं कधी काम पडलं नव्हतं.

नितेश सीटवर बसला. दोन्ही गुडघे खालून स्टिअरिंगला टेकवले, दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं आणि तोंड पुढे काढलं.

सूर्यभानने बोलायला तोंड उघडलं.

"काय झालं?" वच्छलाने विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला.

नितेशने ओढलं. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. दम घेऊन त्याने पुन्हा ओढलं. दोन्ही वेळा सूर्यभानला सांगायला भरपूर वेळ होता. पोटच्या पोराची दया त्याला आली. पण ती तोंडापर्यंत आली नाही.

तिसऱ्या झटक्याला स्टिअरिंग सुटलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

वच्छला टोपली टाकून धावली. नितेशचे पुढचे दोन दात मांडीवर पडले होते, नाक एका बाजूला गेलं होतं, आणि ओरडायला जावं तर तोंडातून नुसतं रक्त येत होतं. स्टिअरिंग अजून त्याच्या हातात होतं. तिने पदराचा बोळा करून त्याच्या तोंडावर दाबला. दाबता दाबताच तिच्या ध्यानात आलं, आणि तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी बोलनार होते," ती म्हणाली. "समोरच तं होतं सारं. तुमाले दिसलं नाई का?"

सूर्यभान बाजेवरून हलला नव्हता.

"नाई," तो म्हणाला. "मले दिसत नाई, म्हनूनच तं काढून रायला होता ना थो."