कायमचा आवाज

"ताई, मी आवाज सोडलाच नाहीये. तरी तुम्ही बटण दाबताय."

हेडफोनमधून वैदेही बोलली तशी नमिता दचकली. जाड दाराच्या त्या छोट्या खोलीत ती एकटीच बसली होती. काचेपलीकडे संशोधन करणारी वैदेही कॉम्प्युटरपाशी होती. तिच्यामागे बाकावर रूपेश, नमिताचा नवरा, मोबाईल बघत बसला होता.

"मी खोटं नाही दाबलं," नमिता म्हणाली. "ऐकू आलं म्हणून दाबलं."

चांगले कान असलेली माणसं संशोधनासाठी हवीत, असा मेसेज महिला मंडळाच्या ग्रुपवर आला होता. नमिताचे कान तिखट. गेट वाजायच्या आधी तिला गाडी कळायची. अशा संशोधनात नेमकं काय करतात हे बघायची तिला फार हौस. रूपेश हसला होता, "कान दान करायला चाललीस काय?" पण रविवार होता, म्हणून गाडीने घेऊन आला.

खरं तर महिनाभर दोघांत धड बोलणं नव्हतं. नमिताला घरात सतत काहीतरी वाजायला हवं असायचं. किचनमध्ये रेडिओ, हॉलमध्ये टीव्ही, झोपताना उशाशी मोबाईलवर भजनं. रूपेशचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात मालवाहू ट्रेलरचा धंदा. दिवसभर हॉर्न आणि लोखंड ऐकून घरी यावं, तर इथेही गोंगाट. शेवटी तो गादी उचलून गच्चीवरच्या खोलीत गेला. "तुला मानूस नको, आवाज पायजे," जाताना म्हणाला. आपल्याला असं का लागतं, हे नमितालाही माहीत नव्हतं.

"परत करू या," वैदेही म्हणाली. "आवाज आला की दाबायचं, गेला की सोडायचं."

नमिताने बटण हातात धरलं आणि थांबली.

"नवीन आवाज आला की दाबायचं ना? कायमचा धरायचा नाही?"

"कायमचा म्हणजे?"

"तो असतो ना, सगळं बंद झालं की. सूं करून. सगळ्यांनाच येतो तो."

काचेपलीकडे वैदेहीने कीबोर्डवरचा हात काढला.

"ताई," वैदेही हळूच म्हणाली, "मला नाही येत."

ती आपली गंमत करतेय असं नमिताला वाटलं. तिने काचेतून नीट बघितलं. वैदेही हसत नव्हती.

मग वैदेहीने तो आवाज शोधायला घेतला. एकामागून एक सूर लावून ती विचारत गेली, हा का, की हा? नमिता खुर्चीच्या टोकाला सरकून बसली. "अजून बारीक. अजून. नाही, इतका शिट्टीसारखा नको. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निघते ना, तसा." इतकी वर्षं ज्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं, त्याचं वर्णन करायला तिला मजा येत होती. आणि एकदम तिचा हात वर गेला.

"हाच!"

आतला कुठला आणि बाहेरचा कुठला, तिला कळेना. दोन्ही एकात एक मिसळून गेले होते. तिला हसूच फुटलं.

ती बाहेर आल्यावर वैदेहीने सगळं समजावून सांगितलं. काही माणसांच्या कानात असा आवाज राहतो. एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. पूर्ण जाईल असं वचन देता येत नाही. या अभ्यासात नमिताला घेता येणार नाही, पण अशाच आवाजावर दुसरा अभ्यास चालू आहे, त्यात नक्की घेता येईल.

"येईन मी," नमिता लगेच म्हणाली. "हा कुठून येतो ते मला पन बघायचंय."

रूपेशने मोबाईल खिशात टाकला होता. "मला ऐकवा," तो म्हणाला.

वैदेहीने नमिताकडे बघितलं. नमिताने मान हलवली.

वैदेहीने तोच सूर लावला आणि रूपेशने तिच्याकडचे हेडफोन चढवले. पहिल्यांदा त्याने भुवया उंचावल्या, एवढंच ना, अशा. मग त्याचा चेहरा बदलत गेला. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि कान चोळले.

"ह्यो बंद कवा होतो?"

"होत नाय."

"कवापासून हाय?"

"कळायला लागल्यापासून. मला वाटलं, तुमाला पन असंल."

रूपेशने टेबलावरच्या हेडफोनकडे परत एकदा बघितलं. नमिताच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं.

"मंग तुमाला काय ऐकू येतं? सगलं बंद झाल्यावर?"

असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "थांब, बघून सांगतो," म्हणत तो स्वतःच खोलीत शिरला. वैदेहीने दार लावलं. काचेतून नमिता त्याच्याकडे एकटक बघत राहिली. तो मान वाकडी करून, डोळे मिटून बसला होता.

बाहेर आल्यावर तिने अधीरपणे विचारलं, "काय व्हतं?"

"काय नाय."

"काय नाय म्हंजे कसं?"

रूपेश तिच्याशेजारी बाकावर बसला.

"खाडीला भरती पुरी भरते," तो म्हणाला, "आनी वहोटी अजून लागलेली नसते. मधी घडीभर पानी उभं ऱ्हातं. वारा नाय, लाट नाय. व्होडी पन हलत नाय. ल्हानपनी बाबा मला गप बसवायचे तवा. म्हनायचे, ऐक. तसं असतं."

नमिताने डोळे मिटले. लग्नाआधी तीही बापाबरोबर होडीत बसली होती. ते उभं पाणी तिला अगदी स्पष्ट दिसलं.

"तवाच तर," ती म्हणाली, "माज्या कानात सगल्यात मोठ्यानं वाजतं."